पश्तोचं कपाट

आमच्या वाचनालयात पश्तो शिकायची अकरा पुस्तकं होती, हे नाशकात दोनच माणसांना माहीत होतं. एक ती देणाऱ्या बाई आणि दुसरा ती घेणारा मी. पश्तो म्हणजे आपण ज्यांना सरसकट पठाण म्हणतो त्यांची भाषा. कंदाहारपासून पेशावरपर्यंत बोलतात. पेशावरपासून नाशिकपर्यंत कोणी बोलत असल्याचं तेव्हा माझ्या ऐकिवात नव्हतं.

मी संदर्भ विभागाचा ग्रंथपाल होतो. वाचनालयात दोन तऱ्हेची पुस्तकं असतात. एक देवघेवीतली, म्हणजे घरी न्यायची. ती फाटतात, हरवतात, त्यांच्यात बसची तिकिटं आणि भाजीच्या याद्या सापडतात. दुसरी संदर्भातली, म्हणजे तिथेच बसून बघायची. ती फाटत नाहीत, कारण बघायला कोणी येत नाही. माझी नोकरी दुसऱ्या तऱ्हेत गेली. लोकांना वाटतं ग्रंथपाल दिवसभर वाचत असेल. हलवाई पेढे खातो का, तसं ते आहे. मी पुस्तकांच्या पाठी वाचल्या. पाठीवर जे छापलं असेल ते नोंदवहीत उतरवायचं, क्रमांक टाकायचा, कपाटात लावायचं.

त्या बाई देवळाली कॅम्पहून रिक्षात एक लोखंडी ट्रंक घालून आल्या होत्या. त्यांचे यजमान सैन्यातून निवृत्त होऊन नुकतेच वारले होते. ट्रंकेत फक्त पश्तोची पुस्तकं. साहेबांना ही भाषा यायची का, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, "यायची असावी. बोलून बघायला कोणी नव्हतं." त्यांची अट एकच होती, पुस्तकं एकत्र ठेवायची. मी हो म्हटलं. आम्ही सगळ्याच देणगीदारांना हो म्हणतो.

दोन जाड व्याकरणं होती. एक पातळ निळं व्याकरण होतं. एक शब्दकोश होता, त्याची पाठ वाळवीने खाल्लेली. पोरांसाठीची अंकलिपीसारखी पुस्तकं होती, त्यांत डाळिंबाची आणि उंटाची चित्रं. दोन कॅसेटींची एक पेटी होती. आणि इंग्रजी अमलातल्या फौजी साहेबांसाठी केलेलं एक वाक्यांचं पुस्तक होतं. त्यात पश्तो शब्द त्यांच्या लिपीत, शेजारी रोमन अक्षरांत उच्चार आणि त्याच्या शेजारी अर्थ, अशी मांडणी होती. काही पुस्तकांच्या पाठीवर भाषेचं नाव 'पश्तो' होतं, काहींच्या 'पख्तो'. मी त्या दोन वेगळ्या भाषा धरल्या आणि सात पश्तो, चार पख्तो अशी नोंद केली. अफगाणिस्तानात भाषा बऱ्याच असतात, एवढं ऐकून होतो.

पुढच्या बऱ्याच वर्षांत या कपाटाला एक वाचक आला. विंचूरचे एक कांद्याचे व्यापारी. अफगाणिस्तानचा कांदा देशात उतरला की आपल्याकडचा भाव पडतो, आणि त्या वर्षी तो पडला होता. त्यांना तिकडच्या एका व्यापाऱ्याचा फोन नंबर मिळाला होता, आणि त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलायचं होतं. "सर, लय नाय बोलायचं. तुझा कांदा तिकडंच राहू दे, एवढंच," असं ते म्हणाले. मी फौजी पुस्तक काढलं. त्यात 'माझा घोडा कुठे आहे', 'या गावात किती बंदुका आहेत', 'खरं सांग' अशी वाक्यं पानोपानी होती, पण कांदा परत पाठवण्याची सोय नव्हती. सगळ्यात जवळचं वाक्य निघालं, 'सामान इथे उतरव.' त्यांनी ते दोनदा वाचलं आणि हे तर उलटं झालं, असं म्हणून पुस्तक मिटलं. मग तासभर डाळिंबाची चित्रं बघत बसले आणि गेले. वार्षिक अहवालात मी लिहिलं, पश्तो विभाग, वाचक एक.

आता माझ्या चुकीचं सांगतो.

वाचनालयात पुस्तक आणायला जागा लागते आणि जागा करायला जुनी पुस्तकं काढावी लागतात. या काढून टाकण्याला आमच्याकडे निर्लेखन म्हणतात. शब्द भारदस्त आहे, शेवट रद्दीत होतो. ग्रंथपाल यादी करतो, प्रत्येक पुस्तकापुढे कारण लिहितो, समिती सह्या करते. निवृत्तीच्या दोन वर्षं आधी जी मोठी यादी झाली, तीत पश्तोची चार पुस्तकं मी घातली. शब्दकोशाला वाळवी लागली होती. कॅसेटी वाजत नव्हत्या. एका अंकलिपीची अर्धी पानं गेलेली होती. चौथं ते पातळ निळं व्याकरण. ते कंदाहारकडच्या बोलीचं आहे, असं त्याच्या मुखपृष्ठावर लिहिलेलं होतं. जाड व्याकरणं दोन असताना तिसरं कशाला, म्हणून मी त्याच्यापुढे माझ्या हाताने शेरा लिहिला, 'दुबार'. दुबार म्हणजे तेच पुस्तक दुसऱ्यांदा. ते तेच नव्हतं. मी उघडून पाहिलं नव्हतं. देवळालीच्या बाई तोवर वारल्या होत्या, त्यामुळे कोणाला विचारायचा प्रश्न नव्हता. हे मी सोयीने लक्षात ठेवलं होतं.

मग निवृत्तीला चार महिने राहिले असताना एका दुपारी परिचारिकेच्या गणवेशावर स्वेटर घातलेल्या एक बाई माझ्या टेबलाशी आल्या आणि पठाणी भाषेचं पुस्तक आहे का, असं त्यांनी विचारलं. मी या प्रश्नाची वर्षानुवर्षं वाट पाहत होतो असं नाही. पण प्रश्न आल्यावर मी उभा राहिलो, हे खरं.

त्यांचं नाव वंदना अहिरे. मूळच्या बागलाणातल्या नामपूरच्या, इथे एका खासगी रुग्णालयात नोकरीला. त्यांच्या वॉर्डात कंदाहारचे एक सत्तरीचे गृहस्थ होते, सरवर नावाचे. त्यांच्या तिकडे द्राक्षबागा होत्या. दिल्लीला सुक्या मेव्याचा धंदा करणाऱ्या पुतण्याकडे ते आले होते. नाशिकची द्राक्षं बघायचीच असा हट्ट धरला, म्हणून पुतण्या त्यांना घेऊन आला. दोन दिवस पिंपळगावकडच्या बागा हिंडले, वेलींना हात लावून बघितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी लॉजवर बूट घालताना कोसळले. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, वाचा गेली. वाचा आठवडाभराने परत आली, ती फक्त पश्तोत. आधी त्यांना उर्दू चांगलं यायचं. डॉक्टरांनी सांगितलं की अशा झटक्यात मागाहून शिकलेली भाषा कधी कधी जाते आणि आईची तेवढी राहते. पुतण्याला त्यांच्या व्हिसाच्या कागदपत्रांसाठी दिल्लीला जाणं भाग पडलं होतं, आणि तिथल्या कचेऱ्यांत त्याचा फोन क्वचितच लागायचा. फोनवर बोलणं करून दिलं की म्हातारबाबा रडायचे, रक्तदाब चढायचा, म्हणून डॉक्टरांनी तेही जवळजवळ बंद केलं होतं.

मी विचारलं, मोबाइलवर भाषांतर होतं ना हल्ली?

"होतं," सिस्टर म्हणाल्या. "पण आमचा मोबाइल पश्तो लिहून दाखवतो, बोलत नाही. बाबांना वाचता येत नाही. आम्हालाही नाही. म्हणजे मोबाइलला एकट्यालाच कळतं."

खरी अडचण पुढे होती. बाबांना गिळता येत नव्हतं, म्हणून नाकातून पोटात नळी घातली होती. ती ते उपटून काढायचे. दोनदा काढली, रक्त आलं.

"त्यांचा उजवा हात गेलाय, सर," सिस्टर म्हणाल्या. "डावा आम्ही कॉटला बांधलाय. बांधताना ते माझ्याकडे बघतात. का बांधतेय, एवढं मला त्यांना सांगायचंय."

त्या वाचनालयाच्या सभासद नव्हत्या. असत्या तरी संदर्भाचं पुस्तक बाहेर जात नाही. ग्रंथपालाने बाहेर जाण्याबद्दल मात्र नियम नाही. म्हणून फौजी पुस्तक माझ्या पिशवीत आणि मी सिस्टरच्या स्कूटरवर, असे आम्ही दुसऱ्या दिवशी निघालो. त्याआधी मी रऊफसरांना गाठलं होतं. ते मालेगावचे, निवृत्त उर्दू शिक्षक, मुलाकडे नाशकात राहायचे आणि रोज दहाला उर्दू पेपर वाचायला आमच्याकडे यायचे. पश्तोची लिपी उर्दूच्या घरातली. सर अक्षरं वाचणार, मी शेजारचे रोमन उच्चार वाचणार, आणि दोघं मिळून जे होईल ते देवनागरीत उतरवायचं, असं ठरलं. सिस्टरही त्या सकाळी आमच्या टेबलाशी येऊन बसल्या.

त्या पुस्तकात 'कृपा करून' नाही. 'दुखतंय का' नाही. पण 'हात वर कर' आहे, कारण ते कैद्याला सांगावं लागतं. 'दार उघड' आहे. शब्दांच्या यादीत तोंड आहे. दाराच्या जागी तोंड ठेवलं की 'तोंड उघड' होतं. 'हात लावू नको' तर तयारच होतं, दारूगोळ्याच्या धड्यात. नळीला काय म्हणावं ते सापडेना. रऊफसर म्हणाले, नल म्हणून बघू. 'दोन दिवस' मिळालं, 'द्वे व्रजे'. त्यातला ज जावयातला, जीभ दाताशी नेऊन म्हणायचा. तो रऊफसरांना जमेना, मला आणि सिस्टरला लगेच जमला. तसाच त्यांचा एक च आहे, चमचातला. पुस्तक लिहिणाऱ्या साहेबाने या दोन अक्षरांसाठी अर्धं पान टिपा दिल्या होत्या. मराठी माणसाला एक ओळ पुरली असती.

यादी करताना सिस्टर थांबल्या. 'हो'ला पश्तोत काय म्हणतात ते निघालं होतं. हो. नाहीला न. त्या म्हणाल्या, "बाबा सारखे हो म्हणायचे. आम्हाला वाटलं, मराठी शिकले."

त्यांच्यात कोणी भेटलं की म्हणतात 'स्तडय मशे', म्हणजे तू थकू नयेस. हे सिस्टरना फार आवडलं, कारण त्यांच्या घरच्या अहिराणीत 'शे' म्हणजे आहे, आणि परक्या वाक्याच्या शेवटी माहेरचं माणूस बसलेलं दिसावं तसं त्यांना झालं.

वॉर्डात गेलो. बाबा उंचेपुरे, पांढरी दाढी, डोळे छताकडे. डावा हात पट्टीने कठड्याला. सिस्टर कागद घेऊन उभ्या राहिल्या आणि 'स्तडय मशे, बाबा' म्हणाल्या. बाबांनी मान वळवली. सिस्टरनी एकेक शब्द सोडवत सांगितलं, हे नाकातलं नल आहे, जेवण आहे, दोन दिवस, हात लावू नका. वाक्य म्हणावं असं ते नव्हतंच. पोस्टातल्या तारेसारखं होतं. बाबांनी कठड्याच्या पट्टीकडे बघितलं.

"हो," ते म्हणाले.

सिस्टरनी पट्टी सोडली. मी नळीकडे बघत होतो. हात उठला, नळीपर्यंत गेला, तिला वळसा घालून वर गेला आणि बाबांनी कपाळ खाजवलं. किती दिवसांपासून खाजवायचं राहिलं होतं कोण जाणे. सिस्टर पट्टीची गुंडाळी करत राहिल्या. ती झाल्यावर सोडून पुन्हा केली.

डॉक्टर फौजी पुस्तकावर खूश झाले. हात वर कर, इकडे बघ, मागे बघ, हे सगळं त्यांच्या तपासणीत लागायचंच. तिसऱ्या दिवशी बाबांनी घोटभर पाणी न ठसकता गिळलं, नळी निघाली आणि त्यांना मऊ खिचडी मिळाली. जेवण झाल्यावर सिस्टरनी यादीतून वाक्य जुळवून विचारलं, जेवलात का. क्रियापद चुकलं. बाबांनी ते सुधारून दिलं, 'मा डोडई वख्वडा'. डोडई म्हणजे भाकरी, जेवण. मी व्याकरणात पाहिलं तर त्यांच्यात भाकरी स्त्रीलिंगी आहे, आणि माणूस पुरुष असला तरी क्रियापद भाकरीमागे जातं. आपण 'मी भाकरी खाल्ली' म्हणतो, अगदी तसं. अकरा पुस्तकं कपाटात लावून मला जे कळलं नव्हतं ते अर्धांगाच्या रोग्याने खिचडी खाऊन सांगितलं. त्या दिवसांत मी नोकरीत पहिल्यांदा घड्याळाकडे बघायचो ते निघायची घाई म्हणून, रुग्णालयात जायला.

पाचव्या दिवशी संध्याकाळी सिस्टर भेटल्या त्या काळजीत. सकाळच्या पाळीच्या परिचारिकेने सांगितलं होतं की बाबा सारखे पैशाचं विचारताहेत. 'पैसा, पैसा' म्हणतात आणि डावा हात पलीकडे नेऊन मांडीशी चाचपतात, जिथे कुडत्याचा खिसा असतो. बिलाची चिंता असणार. पुतण्या त्या दिवशी सरकारी कार्यालयात अडकलेला, फोन बंद. काळजी करू नका, हे कसं म्हणायचं? मी शोधून दिलं. सिस्टरनी म्हटलं, पैशाची फिकीर करू नका. बाबा म्हणाले, "न." सिस्टरनी पुन्हा म्हटलं. बाबांनी डोळे मिटून घेतले. मग कोणाला न सांगता, छताला सांगावं तसं तो शब्द पुन्हा म्हणाले, आणि या वेळी तो मी स्वतः ऐकला.

तो पैसा नव्हता. मध्ये जो आवाज होता तो आपला षटकोनातला ष, जीभ मागे वळवून काढलेला. शाळेत मास्तर कान धरून शिकवायचे आणि पुढे कोणी म्हणत नाही, तो. 'पषा.' मी फौजी पुस्तकाच्या यादीत शोधलं. प च्या पुढे श, प च्या पुढे स, सगळं पाहिलं. असा शब्द नव्हता. सिस्टरची पाळी संपत आली होती. मी म्हटलं, सकाळी रऊफसरांना विचारतो. आणि घरी जाऊन जेवलो आणि झोपलो. हे मुद्दाम लिहितोय.

सकाळी दहाला रऊफसर आले. मी त्यांना पेपर उघडू दिला नाही. प चं पान काढून मी रोमन उच्चार मोठ्याने वाचत गेलो आणि सर शेजारची अक्षरं बघत गेले. अर्ध्या पानावर त्यांनी बोट ठेवलं.

"इथे तुम्ही काय वाचलंत?"

मी म्हटलं, पखा.

"लिहिलंय तसं नाही. खे वेगळं असतं. हे आमच्या सीनच्या घरातलं अक्षर आहे. वर एक टिंब, खाली एक टिंब. उर्दूत हे नाही. सीनच्या घरातल्याला साहेब ख का म्हणतो?"

मला एकदम पंचवटी आठवली. माझे वडील गंगापूरच्या बाजूला फुलं पिकवायचे आणि सकाळी घाटावर पोचवायचे, मी टोपली धरून बरोबर असायचो. तिथे एक वेदपाठशाळा होती. तिथले गुरुजी आणि विद्यार्थी जे म्हणायचे त्यात ष आला की ते ख म्हणायचे. पुरुष नाही, पुरुख. मी एकदा वडिलांना विचारलं होतं, हे चुकीचं का म्हणतात. वडील म्हणाले होते, चुकीचं नाही, त्यांच्या शाखेत तसंच म्हणतात, दुसऱ्या शाखेत ष म्हणतात. तू फुलं मोज. अक्षर एक आणि तोंडं दोन.

मी उठून नोंदवही काढली. माझ्याच अक्षरात, माझ्याच शाईत होतं, पश्तो सात, पख्तो चार. एकाच भाषेचं नाव. पेशावरच्या बाजूला ख म्हणतात, कंदाहारच्या बाजूला ष. फौजी साहेब पेशावरकडे होता. बाबा कंदाहारचे होते. 'पखा' आणि 'पषा' एकच शब्द. मी त्याच्या पुढचा अर्थ वाचला आणि सिस्टरना फोन लावला.

"सिस्टर, पैसा नाही. पाय. पाय दुखतोय त्यांचा."

"कोणता?"

"ते पुस्तकात नाही."

त्यांनी फोन ठेवला नाही. चालत वॉर्डात गेल्या, ते मला ऐकू येत होतं. पांघरूण बाजूला केल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "उजवी पोटरी सुजलीय, सर. गरम लागतेय," आणि फोन बंद झाला.

लुळ्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती. सोनोग्राफीत दिसली. रक्त पातळ करायची इंजेक्शनं लगेच सुरू झाली. डॉक्टरांनी मला नंतर शांतपणे समजावलं की अशी गाठ सुटून फुप्फुसात जाते, आणि मग फार काही करता येत नाही. कधी सुटेल ते सांगता येत नाही. ती त्या रात्री सुटली असती, किंवा मी जेवत होतो तेव्हा. सुटली नाही. यात माझं कर्तृत्व काही नाही.

चार दिवसांनी पुतण्या कागद घेऊन आला. बाबांच्या पायाची सूज उतरली होती, सिस्टरच्या आधाराने ते खुर्चीत बसत होते. तो आला तेव्हा सिस्टर त्यांना 'चंगा ये' असं विचारत होत्या, चमचातल्या च ने, म्हणजे कसा आहेस, आणि ते उत्तर देत होते. पुतण्याला ते ऐकून दारातच थांबावं लागलं. पुढे तो त्यांना दिल्लीला आणि तिथून घरी घेऊन गेला. काठी घेऊन ते बागेत हिंडतात, असं त्याने मागाहून फोनवर कळवलं. उर्दू परत आलं नाही.

बाबा दिल्लीला गेल्यावर मी एका दुपारी रुग्णालयात गेलो आणि सिस्टरना निळ्या पुस्तकाबद्दल सांगितलं. ते कंदाहारच्या बोलीचं होतं, 'पषा' त्यात पहिल्या काही पानांतच असणार, आणि ते मी दुबार म्हणून रद्दीत घातलं होतं. ते असतं तर पाचव्या दिवशी संध्याकाळीच पाय बघितला गेला असता. घरी हे कोणाला सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही. जाऊ द्या हो, असं त्या म्हणाल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

मग त्या म्हणाल्या, "सर, हात आम्ही पुष्कळांचे बांधतो. बाबांच्या आधी सुरगाण्याकडची एक आजी होती. तिला आमची मराठी कळत नव्हती, आम्हाला तिचं बोलणं कळत नव्हतं. मराठीच बोलत असेल, असं सगळे म्हणायचे. सहा दिवस बांधली होती. तिच्या भाषेचं पुस्तक आहे का तुमच्याकडे?"

मी म्हटलं, बघतो. बघायची गरज नव्हती. संदर्भ विभागातलं प्रत्येक कपाट मी लावलेलं होतं. पेशावरचं होतं. कंदाहारचं होतं आणि घालवलं होतं. सुरगाण्याचं कधी आलंच नव्हतं, आणि ते नाही हे माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं. सुरगाण्याला नाशिकहून रोज एसटी जाते.

निवृत्त झाल्यावर मी एक वही घेतली. मंगळवारी आणि शुक्रवारी सिस्टरच्या वॉर्डात जातो. पेठ-सुरगाण्याकडचं कोणी दाखल असलं की त्यांची परवानगी घेऊन शेजारी बसतो आणि शब्द विचारतो. दुखणं, पाणी, घसा, पाय, उलटी, लघवी, मला भीती वाटते. एकच शब्द दोन गावांचे दोघं दोन तऱ्हांनी सांगतात. मी दोन्ही लिहितो, आणि पुढे गावाचं नाव टाकतो. दुबार असा शेरा कुठे लिहीत नाही. डॉक्टरांना वाटतं, याचं छापील पुस्तक व्हावं. मला वाटतं, आधी वही भरावी.

पहिल्या दिवशीच्या आजी खुब्याचं हाड मोडून आल्या होत्या. सोबत त्यांची सून होती, तिला आमचं थोडं यायचं. दुखणं याला तुमच्यात काय म्हणतात, असं मी विचारलं. आजींनी सुनेमार्फत मलाच विचारलं, याचं कधी काही दुखलं नाही का? मग शब्द सांगितला. मी म्हणून दाखवला. त्यांनी सुधारला. मी पुन्हा म्हटला, त्यांनी पुन्हा सुधारला. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि सिस्टरना काहीतरी विचारलं. सून हसायला लागली. या माणसाला काय झालंय, असं त्या विचारत होत्या. माझी कॉट कोणती, हेही.

सिस्टर म्हणाल्या, "काही झालेलं नाही, आजी. शिकताहेत."

आजींनी त्यावर थोडा विचार केला. मग मला म्हणाल्या, तर मी हळू बोलते. हे सून सांगायच्या आधीच मला कळलं.